आकाराम मामांचा ग्लास

४ ऑक्टोबर

तालीम सुरू झाली एकदाची! आमच्याच माडीवर, मंगळवार पेठेत. जाऊबाई – विमलाताई – आधी कुरकुरल्या, मग दोन पातेली चहा केला.

नाटकाचं नाव ‘आड’. जयसिंगपूरजवळच्या एका गावात सत्तर वर्षांपूर्वी चिमणाबाई नावाच्या मुलीने गावच्या आडात पोहरा टाकला, त्याची गोष्ट. तोवर दलित वस्तीतल्या बायकांनी कठड्याखाली घागर धरून उभं राहायचं. कुणी वरून ओतेल तेवढंच पाणी. चिमणाबाईचे भाचे, आकाराम मामा, आमच्यात हलगी वाजवणार. गोष्टही त्यांनीच सांगितलेली.

एसटी चुकली म्हणून मामा उशिरा आले. त्यांना कागदी कपात चहा दिला, धुवायचा एक वाचला. हलगी अशी वाजवली की सौमित्र, आमचा दिग्दर्शक, सूचना द्यायचंच विसरला. हे प्रथमच!

९ ऑक्टोबर

मैथिली चिमणाबाई करते. पोहरा असा धरते, जणू पूजेची परडी. सौमित्र वैतागला – अगं, पिढ्यान्‌पिढ्यांची तहान आहे ही! तिने शांतपणे सांगितलं, की ती रोज तीन लिटर पाणी पिते, त्वचेसाठी.

आकाराम मामा हल्ली स्वतःचा स्टीलचा ग्लास आणतात. चहा झाला की गॅलरीतल्या नळावर धुऊन पिशवीत ठेवतात. बसतातही गॅलरीतच. हलगी शेकायची शेगडी तिथे आहे ना. किती टापटीप माणूस!

१० ऑक्टोबर

दुसऱ्या अंकातलं गाणं जमलं. स्वतःच लिहिलं आणि स्वतःच रडले. बरं नव्हे.

१७ ऑक्टोबर

आज विमलाताई आडाचा प्रवेश बघायला बसल्या. पदराने डोळे पुसत म्हणाल्या, “काय माणसं होती गं तेव्हाची! पाण्यालासुद्धा नाही म्हणायची.” मग उठल्या, किटली घेऊन गॅलरीत गेल्या. मामांनी ग्लास पुढे धरला, यांनी वरून चहा ओतला. एक थेंब सांडला नाही. मैथिलीने त्यांच्याकडून ओतायला शिकावं, असं सौमित्र म्हणाला.

२ नोव्हेंबर

प्रयोग सव्वीसला. संविधान दिन. पत्रिकाही छापून आल्या. आणि आज घोळ झाला.

सौमित्रची नजर मामांच्या ग्लासावर पडली. भांड्याच्या दुकानात नाव घालून घेतात तसं वर ‘आकाराम’ घातलेलं, खाली तारीख. सौमित्र म्हणाला, असला अस्सल ग्लास रंगमंचावर पाहिजेच, तारीख आपण खरडून काढू. मामांनी ग्लास त्याच्या हातातून घेतला. “ह्यो नाटकासाठी न्हाई.” एवढंच. हलगी काखेत मारली आणि गेले.

कलावंताचा लहरीपणा, सौमित्र म्हणतो. लहरी तर लहरी – पण हलगीशिवाय आडाचा प्रवेश उभाच राहत नाही.

५ नोव्हेंबर

मामा तीन दिवस आले नाहीत. फोनही उचलत नाहीत. सौमित्रने हलगीचं रेकॉर्डिंग आणलं. ऐकलं. वरातीतलं वाटतं!

७ नोव्हेंबर

सकाळच्या एसटीने मामांच्या गावी गेले. वाटेत बोलायची वाक्यं पाठ केली. एकही कामाला आलं नाही.

बनाबाईंनी, त्यांच्या बायकोने, चहा आणला. मला सोनेरी काठाची कपबशी. मामांनाही कपबशीच! मी विचारलं, तुमचा ग्लास कुठे?

“हितं कशाला लागतोय?” मामा म्हणाले. मग बशीत चहा ओतत, हवापाण्याचं बोलावं तसं सांगितलं – “पैल्या दिशी तुमच्यात समद्यांस्नी कपबशी आली. मला कागदाचा कप. म्हटलं, रोज त्यांची पंचाईत कशाला? दुसऱ्या दिशी बाजारातनं ग्लास घेतला. नाव-तारीख घालून.”

कुणी दिला कागदी कप, विचारलं.

“ध्यानात न्हाई.”

“ह्यांच्या ध्यानात समदं ऱ्हातंय की,” बनाबाई आतून म्हणाल्या. मामांनी तिकडे बघितलंही नाही.

प्रयोगाला याल ना, मी विचारलं. “येणार की. आत्तीचं नाटक हाय. हलगी वाजंल. ग्लास तेवढा मागू नगा.”

८ नोव्हेंबर

विमलाताई! दुसरं कोण? संक्रांतीला हळदीकुंकवाच्या बायकांची जागासुद्धा आडनाव विचारून ठरवणाऱ्या. आणि परवा डोळे पुसत होत्या!

दुपारी एका बैठकीत नवा प्रवेश लिहिला. आजचं घर, वर तालीम, एक सोज्वळ, रडकी जाऊ, हातात ट्रे. आठ पानं झरझर आली. इतकं सोपं कधीच गेलं नव्हतं. सौमित्रला फोनवर वाचून दाखवला. “खल्लास!” म्हणाला.

१० नोव्हेंबर

विमलाताईंशी दोन दिवस बोलले नाही. आज जिन्यात त्यांनी विचारलं, “माझं काही चुकलं का गं?” मी म्हटलं, आठवून बघा. बिचाऱ्या आठवत बसल्यात. लसणाची चटणी पाठवलीय वर.

११ नोव्हेंबर

नव्या प्रवेशासाठी पहिल्या दिवसाचा तपशील हवा होता, म्हणून ही वही मागे उलटली.

४ ऑक्टोबर. ‘त्यांना कागदी कपात चहा दिला, धुवायचा एक वाचला.’

विमलाताई तेव्हा खाली होत्या, दुसरं पातेलं चढवत. कपाटात आणखी सहा कपबश्या होत्या.

ट्रे माझ्या हातात होता.