राजीखुशीची सही

दि. ४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास, अ. आ.

आम्ही दोघी राजीखुशी आहोत असं लिहायची पद्धत, म्हणून लिहिलं. तसं काही नाहीये. फोन का करत नाहीस म्हणून ओरडशील, तर ऐक. मालकाच्या आणि माझ्या खोलीत एकच भिंत, तीही नावाला. तो शिंकला की मी इकडे रुमाल शोधते. म्हणून पत्र.

खोलीचा करार या महिन्याच्या अखेरीस संपतो. दरवर्षी मालक नवा कागद आणतो, मी सही करते, झालं. यंदा म्हणतो वाढवणार नाही, खोली दुकानाला द्यायची आहे. कुण्या दलालाने कानात भरवलंय.

माझं काय, रफूचं काम, जिथे खिडकी तिथे सुई. पण सासूबाईंचं काय करू? नजर गेल्यापासून त्यांना ही खोलीच काय ती दिसते. खुर्ची, पाण्याचा जग, उंबरा, सगळं हातापायांना पाठ आहे. अशा वावरतात की आल्यागेल्याला पत्ता लागत नाही. नव्या जागेत भिंत धरून बसतील. आणि नजरेचं बाहेर कुणाला सांगायचं नाही म्हणून मला शपथ घातलीय. कुणी बिचारी म्हटलेलं त्यांना खपत नाही. तूही बोलायचं नाहीस, नाहीतर कान उपटीन.

तुझ्या गावात आम्हा दोघींपुरती खोली मिळते का बघ. खिडकी हवी. लवकर कळव, घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाला वेळेचं भान असावं.

वहिनीला विचारलंय म्हण. माया आहेच, लिहून दाखवत नाही.

तुझी ताई

दि. ९ फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

पत्र वाचून तुझी वहिनी म्हणाली, ताईंना आधी आपल्याकडेच बोलव. मी म्हटलं, ती येईल, पण दुसऱ्या दिवशी आपल्याला घराबाहेर काढील. चेष्टा राहू दे.

माझ्या दुकानासमोरच्या वाचनालयात शनिवारी एक वकीलबाई बसतात, लोकांना फुकट सल्ला देतात. त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, करार संपला म्हणजे भाडेकरूने दुसऱ्या दिवशी गाठोडं बांधायचं असं नसतं. नवा करार करायचा नाही, हे म्हणायला मालक मोकळा आहे. पण खोली खाली करून घ्यायची तर आधी लेखी नोटीस, त्यात पुरेशी मुदत, आणि तरी तू निघाली नाहीस तर कोर्ट. मध्येच कुलूप बदललं, पाणी तोडलं, सामान बाहेर टाकलं, हे चालत नाही. तू भाडं वेळेवर देत राहा आणि पावती घे. किल्ली कुणाच्या हातात देऊ नकोस.

एक गोष्ट त्यांनी दोनदा बजावली. मालक एखादा कागद आणील, त्यावर सही करायची नाही. आपण होऊन जाते असं एकदा लिहून दिलं, की बाकी सगळे हक्क हवेत विरले.

ताई, सासूबाईंच्या नजरेचं मालकाला सांगितलं तर? माणूसच आहे तोही. रागावू नकोस. आम्हावर आहे तशीच माया ठेव.

तुझा धाकटा

दि. १४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास, अ. आ.

तुझा सल्ला आला, पण घोडं आधीच पुढे गेलं. मी सही करून बसलेय.

तुझं पत्र यायच्या आदल्या दिवशी मालक कागद घेऊन आला. टाइप केलेला, बारीक अक्षर. मी गिऱ्हाइकाच्या कोटाची बाही धरून बसलेली, धागा अर्ध्यावर. नजर टाकली तर पहिल्याच ओळीत राजीखुशी. मला वाटलं, शहाण्याने खुशाली विचारलीय, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. पुढचं कोण वाचतंय? दरवर्षीचाच कागद असेल, मन बदललं असेल त्याचं, असं समजून सही ठोकली आणि सुई उचलली. तुझं पत्र आलं आणि मी सुई टाकून उठले. पलीकडे जाऊन मालकाच्या सुनेकडून झेरॉक्स मागून आणली. चांगली आहे पोरगी, सासऱ्याला न विचारता दिली. शेजारच्या शिंप्याने वाचून दाखवलं. राजीखुशीने खोली सोडत आहे, असं आहे ते. आता सांग, भांडण लावणाऱ्या कागदात असा शब्द कोण घालतं?

सासूबाई कान देऊन ऐकत होत्या. संध्याकाळी बघते तर पेटीत साड्या भरतायत. म्हणाल्या, मला माझ्या बहिणीकडे पोचव आणि तू एकटी कुठेही राहा. मी पेटी उपडी केली. भांडलो आम्ही. मग जेवलो.

आणि शपथ म्हणजे शपथ. मालकाला सांगायचं नाव काढू नकोस.

झेरॉक्स सोबत आहे. वकीलबाईंना विचार, हे उसवता येतं का. मूर्ख म्हणायचं असेल तर समोर येऊन म्हण, पत्रात नको. तरी तुला आशीर्वादच.

तुझी ताई

दि. २० फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

वकीलबाईंनी कागद वाचला, वाचत खाली सहीपर्यंत आल्या, चष्मा काढला आणि इतक्या हसल्या की वाचनालयाचा शिपाई बघायला आला. ताई, सहीच्या वर तू काय लिहिलंयस ते आठवतंय का? लोभ आहेच, तो वाढवावा ही विनंती. आणि खाली सही, तुमची ताई.

मी त्यांना सांगितलं, आमच्या ताईची शाळा चौथीत सुटली, आणि मास्तरांनी तिला एवढंच पक्कं शिकवलं की लोभ मागितल्याशिवाय सही करू नये. नुसतं नाव टाकणं म्हणजे पाठ फिरवून उठणं.

त्या म्हणाल्या, वर म्हणतेय राजीखुशीने जाते आणि खाली म्हणतेय वाढवावा. बाईला कागद कळलेला नव्हता हे यावरूनच दिसतं. एवढ्याने सगळं मिटेल असं नाही, पण भांडायला जागा आहे. त्यांनी मालकाला पत्र धाडलंय, की ही सही न समजता झालेली आहे, खोली हवी तर रीतसर नोटीस द्या. तो आला तर शांत राहा. हे तुला सांगणं म्हणजे काय, ते मला माहीत आहे. आमची आठवण असू दे.

तुझा धाकटा

दि. २७ फेब्रुवारी

चि. धाकट्यास, अ. आ.

मालक आला काल. हातात वकीलबाईंचं पत्र. खुर्चीत बसला आणि सुरू झाला, की लिहून दिलंस ते दिलंस, आता शब्द फिरवतेस. मी शांत राहिले. म्हणजे एकदाच म्हटलं, की राजीखुशी बघायची असेल तर माझ्या तोंडाकडे बघ, कागदात काय बघतोस.

तो रागाने उठून खिडकीशी गेला. तेवढ्यात सासूबाई पाणी घेऊन आल्या. काठोकाठ पेला, थेंब सांडला नाही. आल्या आणि रिकाम्या खुर्चीपुढे धरून उभ्या राहिल्या. घे बाबा, म्हणाल्या, घसा सुकला असेल.

तो खिडकीशी उभा राहून बघतच राहिला. एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे. एवढी वर्षं भिंतीपलीकडे राहतो आणि त्याला कळलं नव्हतं. मी माझी शपथ पाळली. तो हळूच येऊन खुर्चीत बसला आणि पेला घेतला. बसतानाचा आवाज होऊ दिला नाही.

आज सकाळी नवा करार घेऊन आला. पुढच्या वर्षापर्यंत. जुना कागद माझ्यासमोर फाडला. पुढच्या वर्षी बघू म्हणाला, म्हणजे कटकट संपली नाही, वकीलबाईंना सांगून ठेव.

सासूबाईंना मालक उठलेला ऐकू आला नसेल का रे? माझ्या सुईचं टोक बोथट झालेलं त्यांना ऐकू येतं. विचारलं, चुकलात की मुद्दाम? म्हणाल्या, गप रफू कर.

या वेळी शिंप्याकडून शब्द न् शब्द वाचून घेतला. मग पूर्ण नाव लिहून सही केली, वर काही नाही. सासूबाईंनी विचारलं, लोभ मागितलास का? नाही म्हटलं तर असा चेहरा केला, की मालकाच्या हातून कागद ओढून घेऊन तेही लिहावं लागलं. वर्षभर सुईचा दोरा त्यांच्याच हाताने मोजून कापून घेते मी, एवढं तरी ऐकायला हवं.

उन्हाळ्यात वहिनीला घेऊन ये. खुर्च्या हलवायच्या नाहीत. आपला लोभ आहे, तो वाढवला नाहीस तर नोटीस पाठवीन.

तुझी ताई