बत्तीस बिल्ले

१ ऑक्टोबर १९५९, गुरुवार. सकाळी ७.
नवी वही. जुनीच्या पहिल्याच पानावर शाई सांडली होती. या वहीत खाडाखोड करायची नाही.
कालपासून दाजीमामाच्या रापणीचा कारभार माझ्याकडे. तुळशीच्या लग्नापर्यंत. बर्फाची लॉरी घेऊन घाटावर मासळी नेणारा व्यापारी त्यानंतर एकाच रापणीशी करार करणार आहे. आमच्याशी, नाही तर पलीकडच्या किनाऱ्यावरच्या सोकोरोच्या रापणीशी. ज्याची मासळी जास्त आणि वेळेवर, त्याची लॉरी. मामा म्हणाला, लॉरी आणलीस तर तू मॅनेजर. नाही आणलीस तर मुंबईला भाईच्या खाणावळीत ताटे वाढायला जा. मागे दोन महिने वाढून आलो आहे. रोज रात्री हाताला आमटीचा वास यायचा. पुन्हा नको.
काळजीचे कारण नाही. 'कारखाना-व्यवस्थापन' या टपालाने येणाऱ्या बारा धड्यांपैकी तीन माझ्याजवळ आहेत. उरलेल्या सगळ्या वाडीजवळ शून्य.

२ ऑक्टोबर. सकाळी ९.
रापणीचे निरीक्षण केले. होडी जाळे सोडत समुद्रात अर्धगोल फिरते, जाळ्याचे दोन दोर किनाऱ्यावर येतात आणि माणसे दोन्हीकडून ओढतात. किती माणसे? कोणालाच ठाऊक नाही! पिढ्यान्‌पिढ्या ओढत आहेत आणि एकानेही मोजलेली नाहीत. मी मोजली. एकदा ८७, एकदा ९४. दुसऱ्या मोजणीत कुत्रा धरला गेला असावा.
त्याहून वाईट म्हणजे वाट्याची रीत. दोराला ज्याचा हात लागला त्याला मासळीचा वाटा. मग तो पहाटेपासून ओढत असो की जाळे वाळूला टेकताना टपकलेला असो. काशीबाई मासळी विकणारी. ती सगळ्यांत शेवटी येते, एका हाताने टोपली सांभाळते, दुसऱ्या हाताने दोराला जेमतेम शिवते आणि रांगेत सगळ्यांच्या पुढे बसते. विचारले, हे काय? म्हणाली, "हात लायलंय मां? मगे?" या 'मगे'वर या लोकांची सगळी अक्कल संपते.

५ ऑक्टोबर.
धडा दुसरा: अनावश्यक हात म्हणजे चोर.
मामाला विचारून गेल्या पंधरा दिवसांच्या मासळीची अ‍ॅव्हरेज काढली. एक माणूस किती ओढतो हे स्वतः विहिरीवर घागरी ओढून ठरवले आणि वाडीतल्या माणसाला दुप्पट धरले. भागाकार केला. उत्तर ३१.४. उदारपणे बत्तीस.
बत्तीस! आणि इथे नव्वद. या किनाऱ्यावर आजवर भागाकार झालेलाच नाही.
पाठ दुखते आहे.

९ ऑक्टोबर.
रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापून बत्तीस बिल्ले केले. आकडे स्वतः रंगवले. २३ चा तीन थोडा वाकडा आला, म्हणून पुन्हा रंगवला. बिल्ला असेल त्यालाच दोर, दोर असेल त्यालाच वाटा. हजेरी सहाला, घड्याळाप्रमाणे. घड्याळ मी मॅट्रिकला बसलो तेव्हा बाबांनी दिलेले आहे. बसलो तेव्हा, असे मुद्दाम लिहितो.
गंगाराम होडीचा तांडेल. तोच उंडीच्या झाडाखाली बसून समुद्राचा रंग बघतो आणि मासळी कुठे आहे ते सांगतो. त्याला सहाची वेळ सांगितली. तो म्हणाला, "साहेबा, बांगड्याक बिल्लो दिलंस मां?" सगळे हसले. बांगड्यापेक्षा कमी बुद्धीचे लोक बांगड्यावर विनोद करतात.
रात्री बिल्ले तीनदा मोजले. बत्तीसच.

१२ ऑक्टोबर. दुपार.
पहिला दिवस. यश!! बत्तीस जणांनी जाळे ओढले. नेहमीपेक्षा पाऊण तास जास्त लागला, पण नवीन सिस्टिमला सवय लागते. माणशी वाटा नऊ बांगड्यांवरून एकवीसवर. बिल्लेवाले खूष. मामासुद्धा "बघुया" म्हणाला. मामाच्या तोंडून ही मोठीच स्तुती.
बिल्ला नसलेले लांब उभे होते. काशीबाई म्हणाली, "गुरुदासा, दोर ओढूक हात लागतत रे, घड्याळ नाय." तिला धडा दुसरा समजावून सांगू लागलो. अर्ध्यावर ती उठून गेली.

१७ ऑक्टोबर.
बिल्ला नसलेले सगळे सोकोरोच्या दोरावर गेले. उत्तम. सोकोरोकडे आता दीडशेवर माणसे. माणशी पाच बांगडे मिळतात, तरी मूर्ख हसत खेळत असतात. तिकडून गाण्याचा आवाज येतो. आमच्याकडे शांतता असते. शिस्तीचा आवाज होत नाही.
सोकोरो बसेल लवकरच.

२३ ऑक्टोबर.
सोकोरो बसलेला नाही. दीडशे हातांनी जाळे झटकन बाहेर येते आणि तो लगेच दुसऱ्यांदा टाकतो. काल लॉरी आली तेव्हा आमचे जाळे अजून पाण्यात होते आणि त्याची मासळी बर्फात. लॉरीवाला थांबला नाही. त्याला घाई. हेही अडाणीपणाचेच लक्षण.
मामाने विचारले, माणसे वाढवायची काय? मी म्हटले, मामा, आकडे तुमच्यासमोर आहेत. मामा आकड्यांकडे बघत राहिला. त्याला वाचता येत नाही हे मी विसरलो होतो.
लॉरी हुकण्यावर उपाय: हजेरी साडेपाचला.

२८ ऑक्टोबर, बुधवार. दुपारी ४.
क्रमाने लिहितो.
सकाळी सातला गंगाराम उंडीखालून उठून ओरडला, "बांगडो! बांगडो इलो रे!" समुद्रावर मैलभर काळपट डाग आणि वर पक्षी. एवढा बांगडा दहा वर्षांत आला नव्हता म्हणतात. आमची होडी आधी पोचली. जाळ्याने अख्खा डाग कवेत घेतला. मामा वाळूत नाचला. मामा!
बिल्लेवाले बत्तीसपैकी तीन गैरहजर. एकाला ताप, दोघे सोयरिकीला धामापूरला. एकोणतीस जणांनी दोर धरले. ओहोटी लागली होती. जाळे हलेना. माणसे मागे सरकायची सोडून पुढे पुढे पाण्यात जाऊ लागली.
आणि तिकडून सगळी वाडी धावत आली. सोकोरोच्या किनाऱ्यावर बसलेली दीडशे माणसे, काशीबाई सगळ्यांत पुढे. चक्क टोपली टाकून. 'हात लावा, हात लावा' असा आरडाओरडा.
मी दोराच्या आड उभा राहिलो. मी विचारले, बिल्ला?
मला दुसरे काय करता आले असते? नियम एकदा मोडला की तो नियम राहत नाही. धडा पहिला.
काशीबाई थांबली. तिच्यामागून सगळे थांबले. ती म्हणाली, "खरां हां झिला. बिल्लो नाय आमच्याकडे. बसा गो खाली." आणि दीडशे माणसे ओळीने वाळूत बसली. इतक्या शिस्तीत मी त्यांना कधी पाहिले नव्हते. मामा पाण्यातून ओरडत होता, "अरे मेल्या, आड खंय रवतंस? सोड तेंका!" मी बाजूला झालो. पण तेव्हा कोणी उठले नाही.
जाळे फाटू लागले. ते वाचवण्यासाठी गंगारामने तळ उचलून मासळी सोडून दिली. अर्ध्या तासात त्याच बांगड्याने सोकोरोच्या जाळ्यात बदली करून घेतली. मग मात्र दीडशे जण उठले. जाताना आमचे एकोणतीसही त्यांच्यात गेले. बिल्ले वाळूत टाकून.
मी वेचले. सव्वीस सापडले.

२९ ऑक्टोबर.
दोष पुढीलप्रमाणे. ओहोटी. धामापूरची सोयरीक. बांगडा, ज्याने अ‍ॅव्हरेजचा मान राखला नाही. भागाकार बरोबर होता. पुन्हा करून पाहिला. ३१.४.
मामा बोलत नाही. आमचे जाळे तीन ठिकाणी फाटले आहे. दुरुस्तीला महिना.

३ नोव्हेंबर.
टपालाने धडा चौथा आला. मथळा: 'राखीव हात'. लिहिले आहे की काम रोज सारखे येत नाही, म्हणून माणसे अ‍ॅव्हरेजवर ठरवू नयेत. मोठ्या दिवसाला लागणारे हात ज्याला थोडक्यात राखता येतात, त्याला स्पर्धक हरवू शकत नाही.
थोडक्यात म्हणजे किती, ते दिलेले नाही. पाच बांगडे असे तर कुठेच नाही.
धड्यात शुद्धलेखनाच्या दोन चुका आहेत. संस्थेला पत्र टाकले: एक, चुका दुरुस्त कराव्यात, दोन, चौथा धडा दुसऱ्याच्या आधी पाठवावा.

७ नोव्हेंबर.
लॉरी सोकोरोला. व्यापाऱ्याने तुळशीच्या लग्नाचीही वाट पाहिली नाही. उतावळा माणूस.
मामीने बिल्ले पेरूच्या झाडाला टांगले. वाऱ्याने वाजतात आणि पाखरे येत नाहीत. मला न विचारता केले. २३ नंबर दारातून दिसतो. तीन सुरेख आला आहे.
मामा आज बोलला. म्हणाला, "बोट तेरा तारखेची. गाठोडां बांध."

१० नोव्हेंबर, मंगळवार. सकाळी १०.
रापण बंद, त्यामुळे घरात तेरा दिवस मासळी नाही. आई रोज कुळथाची पिठी करते आणि काही बोलत नाही. या बाईला बोलायला काय होते?
सकाळी सोकोरोच्या किनाऱ्यावर गेलो. केवळ निरीक्षणासाठी. लांब उभा होतो. जाळे वाळूला टेकत आले तेव्हा दोराला ताण किती असतो हे पाहावे म्हणून एक हात लावला. जेमतेम. दुसऱ्या हातात वही होती.
लगेच निघालो. सोकोरोने हाक मारली, "अरे गुरुदासा, खंय चललंस? हात लायलंस मां? मगे घे वाटो." सगळ्यांसमोर. मी स्पष्टपणे नको म्हणणार होतो. काशीबाई वाटे घालत होती. तिने माझ्यापुढे पाच बांगडे मोजून टाकले. मग माझ्या मनगटाकडे बघितले आणि आणखी एक टाकला. म्हणाली, "ह्यो जास्तीचो. घड्याळाक."
पिशवी नव्हती. वहीची मधली पाने फाडून त्यांत बांधले. अ‍ॅव्हरेजची पाने. कागद चांगला जाड होता.
आईने कुठून आणले ते विचारले नाही. तिरफळे घालून केले. मी चार खाल्ले.
बोट शुक्रवारी. बुधवार, गुरुवार मोकळे आहेत. निरीक्षण अपुरे राहिले आहे. उद्या पिशवी न्यायची.