वरच्या दवाखान्याची चावी

११ सप्टेंबर, गुरुवार

आज दुसरा दिवस. काहीही कळलेलं नाही. मंगळवारी रात्री हिमाचलात, माझा प्रणव काम करतो त्या खोऱ्यात ढगफुटी झाली. पूल गेला, रस्ता गेला, मोबाइलचा टॉवर गेला. मी आणि कादंबरी, आम्ही मायलेकी, आळीपाळीने फोन लावतोय आणि ती रेकॉर्डवरची बाई तेच तेच सांगतेय. तिला तरी काय बोलणार!

बरं झालं, मी चंडीगढजवळ चंडीमंदिर छावणीत लेकीकडे आले होते. नगरला असते तर चर्चची आख्खी मंडळी दारात येऊन रडली असती. पाळकसाहेब सगळ्यांत आधी.

जावई मेजर आहेत, त्यामुळे बातमी लवकर कळेल एवढाच आधार. हर्षवर्धनराव म्हणतात, "आई, हेलिकॉप्टर उडालं की मला पहिल्यांदा कळेल." उडतच नाहीये. वर ढग आहेत.

शेजारच्या मिसेस गिल राजमा-चावल देऊन गेल्या. "वाहेगुरू मेहर करे, आंटीजी." त्यांना सांगितलंय की मुलगा एनजीओत आहे. मिशनरी म्हटलं की पुढचे दहा प्रश्न येतात. तेवढं त्राण नाही.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

राजाभाऊ आले. मोहनचे वडील. राहुरीहून निघाले, दीड दिवस रेल्वेत बसून, हातात एक कापडी पिशवी. प्रणव आणि मोहन एकाच खोऱ्यात, मिशन संस्थेची तिथे एवढी दोनच पोरं. राजाभाऊंची पत्नी सहा वर्षांपूर्वी गेली. घरात ते आणि मोहन, बस्स.

"सलाम, बाई," म्हणाले आणि उंबऱ्यातच उभे राहिले. कादंबरीने पिशवी काढूनच घेतली — "काका, इथेच राहायचं. गेस्ट हाउसबिउस काही नाही."

संध्याकाळी संस्थेच्या ऑफिसातून पाळीचा कागद आला. तिथे दोन दवाखाने आहेत. खालचा पुलाजवळ, वरचा तीन तासांच्या चढावर. दर सोमवारी पाळी बदलते. ज्याची पाळी, त्याच्या गळ्यात वरच्या दवाखान्याची चावी. हे मीच प्रार्थनापत्रात छापलं होतं, मोठ्या कौतुकाने.

या आठवड्यात वर प्रणव. खाली मोहन.

राजाभाऊंनी कागद वाचला, नीट घडी घातली. माझ्याकडे बघितलं नाही.

१३ सप्टेंबर, शनिवार

खालच्या गावातले लोक शाळेच्या गच्चीवर चढले होते. बरेच जण वाचले! नावं अजून नाहीत. वरच्या गावाचं कुणी काही सांगत नाही.

राजाभाऊंनी आज चहा पूर्ण प्यायला. पोळीही खाल्ली. आनंद लपवायची धडपड करत होते बिचारे, आणि तो काही लपत नव्हता. मला राग आला. देवा, क्षमा कर — पण आला!

कश्मिरा शाळेतून येऊन विचारते, "नानी, मामा कब आएगा?" नातीला मराठी सगळं कळतं, बोलायचं मात्र हिंदीत. एरवी मी सुधारलं असतं.

१४ सप्टेंबर, रविवार

चर्चला गेलो. सगळे डोळे मिटून प्रार्थना करत होते. मी उघड्या डोळ्यांनी पंख्याकडे बघत बसले. मी कुठल्या तोंडाने मागू?

इथे लिहिते. दुसरं कुठे लिहू?

जुलैत प्रणवचा फोन आला होता. "आई, मी थकलोय गं. माझ्याच्याने आता होत नाही. घरी येऊ का?" दर महिन्याला तो फोनवर चार गोष्टी सांगतो, मी त्यांचं मराठी प्रार्थनापत्र करते, ते बावीस चर्चच्या मंडळ्यांत वाचलं जातं. लोक मला रस्त्यात थांबवून म्हणतात, "बाई, काय मुलगा दिलाय देवाने!" त्या महिन्याचं पत्र मी आधीच लिहून ठेवलं होतं. प्रणवने नाताळपर्यंत तिथेच राहायचा निश्चय केलाय, असं त्यात होतं. निश्चय माझा, नाव त्याचं.

मी म्हटलं, "पत्र गेलं रे. सगळीकडे वाचून झालं. आता परत आलास तर काय सांगू लोकांना?"

तो मग म्हणाला, "बरं, आई."

पत्र गेलं नव्हतं. टेबलावर होतं, माझ्या चष्म्याखाली.

पस्तीस वर्षं शाळेत पोरांना खोटं बोलल्याबद्दल उभं केलं मी.

१५ सप्टेंबर, सोमवार

आज पाळी बदलली असती. आज तो खाली आला असता.

१६ सप्टेंबर, मंगळवार

हेलिकॉप्टर उडालं.

हर्षवर्धनराव दुपारीच घरी आले. बसले नाहीत. टोपी हातात. वरचा दवाखाना राहिलेला नाही. खाली ओढ्यात एक जण सापडला, तरुण मुलगा. चेहऱ्यावरून काही कळण्यासारखं नाही. गळ्यात चावी आहे.

कादंबरी ओरडली. मी नाही. मी विचारलं, "दोरी कसली आहे?" काय हा प्रश्न!

उद्या चंडीगढला आणणार. ओळख पटवायला जायचंय. "मी येतो तुमच्यासोबत," राजाभाऊ म्हणाले. त्यांनी स्वतः मऊ भात केला, माझ्यासमोर ताट धरून बसले. मी त्यांना पत्राचं सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता तरी उठून जातील.

"बाई," ते म्हणाले, "माझा मोहन आला ना, की निम्मा तुमचा. मी सांगतो त्याला."

मी दोन घास खाल्ले.

१७ सप्टेंबर, बुधवार

साडेसातला बेल वाजली. दार राजाभाऊंनी उघडलं. प्रणव!

दाढी वाढलेली, चिखलाचे बूट. राजाभाऊंनी त्याला मिठीच मारली. "बाई, पोरगं आलं! अहो, पोरगं आलं तुमचं!" ते रडत होते, हसत होते. मी त्याचा चेहरा चाचपून बघितला. गळाही बघितला.

स्वयंपाकघरात त्याने मला खालच्या आवाजात सांगितलं. तो सातलाच, रविवारी, तिथून निघाला होता. चंडीगढ विमानतळाजवळच्या एयरोसिटीत मित्राच्या खोलीवर होता — माझ्यापासून तासाभरावर! माझ्यासमोर यायचा धीर झाला नाही. मोहन म्हणाला होता, "तू जा, तुझी पाळी मी करतो. ऑफिसला नको कळवू, बाईंच्या कानावर जाईल." ढगफुटीचं ऐकलं तसा तो मोहनला शोधायला परत निघाला, पण रस्ता तुटलेला, मध्येच अडकला. फोन केला नाही. म्हणाला, "मोहन सापडल्याशिवाय काय सांगणार होतो, आई?"

मग विचारलं, "त्याचं काही कळलं का?"

चावी सापडल्याचं त्याला माहीत नाही. मी आत येऊन हे लिहितेय, कारण बाहेर जायचं धाडस होत नाही. नऊला गाडी येणार आहे. बाहेर राजाभाऊ कादंबरीला चहाचं आधण वाढवायला सांगताहेत. दार लावू देत नाहीत. म्हणतात, "हा आला म्हणजे तोही मागून येतच असेल."

पावणेनऊ झाले.