न पाहिलेली गाडी

४ मार्च, सोमवार

कडक इस्त्री आज परत आला. नाव विचारलं नाही मी. शर्टाची घडी मोडेल म्हणून खुर्चीत टेकूनसुद्धा बसत नाही, म्हणून कडक इस्त्री. पक्षाचा माणूस. "बाई, प्रचाराच्या गाडीसाठी आवाज हवाय. तुमचाच. अख्खं गाव तुमच्या आवाजावर घर सोडतं आणि घरी येतं!"

नाही म्हणायचं होतं. स्टँडच्या साहेबांकडे पाहिलं तर ते म्हणाले, "वाचायचं तर आहे फक्त. मोठ्या लोकांना नाही म्हणून कसं चालेल?"

माझी केबिन म्हणजे माईक, वेळापत्रक, पाण्याची बाटली आणि फाटकाकडे उघडणारी खिडकी. खिडकी सगळ्यात महत्त्वाची. वीस वर्षांपूर्वी माझ्या आधीच्या बाईंनी जाताना एवढंच शिकवलं होतं – गाडी फाटकातून आत येताना स्वतःच्या डोळ्यांनी दिसल्याशिवाय माईकला तोंड लावायचं नाही. ड्रायव्हरचा फोन येऊ दे, साहेब सांगू देत, तरी नाही. मी आजवर न पाहिलेली गाडी पुकारलेली नाही.

खरं सांगायचं तर 'तुमचाच' म्हणाला तेव्हा बरं वाटलं. रोज कोण म्हणतंय असं.

६ मार्च, बुधवार

झालं रेकॉर्डिंग. तीन आश्वासनं. रोज पाणी. दर अर्ध्या तासाला गाडी. आणि – साठीपुढच्या प्रत्येकाचं डोळ्यांचं ऑपरेशन मोफत, आपल्याच गावात, शंभर दिवसांच्या आत!

शेवटचं वाक्य इस्त्रीने चार वेळा वाचून घेतलं. "जरा माया येऊ द्या, बाई." मी बाबांचा चेहरा डोळ्यांपुढे आणला. माया आली.

बाबांचं ऑपरेशन २१ तारखेला आहे, शहरातल्या इस्पितळात. काचबिंदू. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलंय – गेलं ते परत येत नाही, आहे ते राखता येईल, पण उशीर नको. बाबा घाबरलेत, पण बोलून दाखवत नाहीत. चाळीस वर्षं शिवणयंत्रावर काढलेला माणूस, कात्रीला कधी भ्यायला नाही. आता विचारतो, "डोळ्यात कसली गं कात्री घालतात?"

९ मार्च, शनिवार

भोंगा लावून गाडी फिरते आहे. चहावाला पैसे घेईना! "बाई, तुम्ही सांगताय म्हणजे होणारच." कंडक्टर मंडळींच्या थट्टेला मात्र ऊत आलाय. सगळ्यात जुना, मिशीवाला, खिडकीत डोकं घालून विचारतो, "ताई, ही अर्ध्या तासाची गाडी कितव्या फलाटावर लागणार? आमच्या निम्म्या गाड्यांना तर स्टेपनी नाही!" न्हाव्याचं म्हणणं, गाजराची पुंगी आहे, वाजली तर वाजली.

बाबा दारात उभे राहून ऐकत होते. गाडी वळेपर्यंत.

१२ मार्च, मंगळवार

कोपऱ्यावरच्या भाजीवालीने पाण्याचं मोठं पिंप विकून टाकलं! "आता रोज येणार ना पाणी. घरात अडगळ कशाला?" मी म्हटलं, अहो मावशी, निवडणूक तरी होऊ द्या. तर म्हणाली, "तुझाच आवाज होता ना?" माझाच होता.

घरी येईपर्यंत काहीतरी खुपत राहिलं. काय ते कळत नव्हतं.

१५ मार्च, शुक्रवार

कळलं.

बाबांनी शेजाऱ्यांच्या फोनवरून इस्पितळाला कळवलं – २१ ची तारीख नको. स्वतः! मला न विचारता! वर मलाच सांगताहेत, चेहऱ्यावर अगदी परीक्षेत पास झाल्यासारखा आनंद. "इथेच होणार आहे की आपल्या गावात. तुला रजा नको, मला प्रवास नको. तूच सांगत होतीस सकाळी."

"बाबा, ते पक्षाचं होतं."

"आवाज तुझा होता."

मी ओरडले. खूप ओरडले. ते शांतपणे हुक-बटणांचा डबा आवरत बसले.

१६ मार्च, शनिवार

इस्पितळात फोन. ती जागा दुसऱ्याला गेली. पुढची तारीख थेट २६ जुलै. विनंती केली, रडले, डॉक्टरीणबाईंशी बोलू द्या म्हटलं. पलीकडची मुलगी गोड आवाजात तेच तेच म्हणत राहिली. तिलाही कुणीतरी कागदच दिलेला असणार. खासगीत विचारलं, आकडा ऐकून फोन ठेवला. शेवटी २६ जुलैच पक्की केली; तोवर डोळ्यांत थेंब चालू ठेवा, एवढंच इस्पितळातून सांगितलं.

इस्त्रीला सांगितलं, तेवढं एक वाक्य काढून टाका. हसला. "अहो बाई, तेच तर चालतंय! पाण्याला लोक हसतात, डोळ्यांना नाही हसत."

११ एप्रिल, गुरुवार

मतदान. बाबांना घेऊन गेले. आत बराच वेळ लागला त्यांना. बाहेर आले ते शाईचं बोट वर धरून. "गर्दी होती," म्हणाले. गर्दी नव्हती.

१५ एप्रिल, सोमवार

इस्त्रीचा पक्ष जिंकला. मोठ्या फरकाने. बाबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर उद्यापासून शंभर घरं मला मोजायला लावली. २४ जुलै. "बघ, तुझ्या २६ च्या दोन दिवस आधीच!"

३ मे, शुक्रवार

इस्त्री फोन उचलत नाही. पक्षाच्या कार्यालयाला कुलूप. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात. इथे तर वैद्य जन्मालाच आला नाही!

लोक माझ्याकडे येतात. कुणाकडे जाणार? माझ्याच खिडकीवर 'चौकशी' लिहिलंय, लपायलाही जागा नाही. भाजीवाली बोलत नाही माझ्याशी. बादल्यांमधून पाणी साठवते आणि माझ्याकडे बघून बादली आपटते. चहावाला पैसे घ्यायला लागला. निमूटपणे देते.

२१ मे, मंगळवार

बाबा म्हणतात, हल्ली सुयांची भोकं फार बारीक करतात. आठ सुया ओवून दिल्या. पेपरही नको म्हणाले, छपाई पुसट येते म्हणे. दिसतं ना नीट? विचारलं की चिडतात. "सगळं दिसतं. तुझ्या कपाळावरची आठीसुद्धा दिसते." आठी होतीच म्हणा.

९ जून, रविवार

आज सगळं सांगून टाकायचं ठरवलं होतं. जेवणं झाल्यावर बसले त्यांच्यासमोर.

"बाबा, ते मी लिहिलेलं नव्हतं. कागद दिला, तो वाचला. मला काही माहीत नव्हतं."

"आणि गाड्या?"

"गाड्या मी बघते. बघितल्याशिवाय पुकारत नाही."

"मग हे न बघता बोललीस?"

मी ताटं गोळा करू लागले. मग त्यांनीच मान हलवली. "छे. न बघता बोलायची नाहीस तू. काहीतरी बघितलं असशीलच."

मोरीत जाऊन नळ सोडून रडले. पाणी होतं आज नेमकं.

२ जुलै, मंगळवार

आज प्रथमच माईकसमोर आवाज फुटेना. गाडी समोर, फाटकातून आत आलेली, धडधडीत दिसतेय – आणि मी दोनदा उठून खिडकीतून पाहिलं. खरंच आहे ना? मिशीवाला बाहेरून ओरडला, "ताई, माझीच आहे, चोरलेली नाही!" मग पुकारली.

२४ जुलै, बुधवार

शंभरावा दिवस. बाबा पहाटेच उठले. दाढी केली, हनुवटीखालचा पट्टा तसाच राहिला. धुतलेला शर्ट घालून दाराशी खुर्ची टाकून बसले. मी कामावर गेले, आले, तिथेच होते. रस्त्यावरून कोणी गेलं की मान वळवायचे. पावलं लांब गेली की पुन्हा सरळ.

संध्याकाळी म्हणाले, "आज गर्दी असेल त्यांच्याकडे."

मी म्हटलं, परवा शहरात जाऊ या का? मला वाटलं आता वाद होणार. नाही झाला.

"चल," म्हणाले. "तू येणार आहेस ना बरोबर?"

त्यांना भांडायला लावायला हवं होतं मी. भांडणारे बाबा मला ओळखीचे आहेत.

२६ जुलै, शुक्रवार

सकाळी स्टँडवर गेलो. मी रजेवर, केबिन बंद, माईक गप्प. शहराची गाडी तीन नंबरला लागलेली, दार उघडं, बाबांच्या नाकासमोर दोन हातांवर. मिशीवाला पिशवी घ्यायला पुढे आला.

बाबा उभेच. पिशवी घट्ट धरून. थोड्या वेळाने माझ्याकडे वळून – माझ्याकडे नाही, माझ्या जरा डावीकडे – हळूच म्हणाले, "आज उशीर आहे वाटतं गाडीला?"

मिशीवाला माझ्याकडे बघत राहिला.

मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि माईकवरचाच आवाज लावला. प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे. शहराकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागलेली आहे. ही गाडी मी पाहिली आहे.

"तू म्हणतेस म्हणजे आली असेल," बाबा म्हणाले, आणि पायरीसाठी हवेत पाय उचलला.