कौसल्याच्या डोक्याचा फोटो

मी, दुर्गाबाई भ्र. बद्रीनाथ पुंगळे, राहणार राजूर, ता. भोकरदन, जि. जालना, व्यवसाय शेती, पूर्ण शुद्धीवर राहून, कोणी न सांगता, स्वतःच्या हाताने हे लिहून ठेवते. शाळेत गेले नाही. किराणाच्या पुड्यांचे कागद वाचून अक्षर शिकले. चुकलं असेल तर सांभाळून घ्यावं.

माझे मालक बद्रीनाथ खळ्यावर ज्वारी उफणताना डोकं धरून बसले, ते उठले नाहीत. ऊन लागलं म्हणून आम्ही तळपायांना कांदा चोळत राहिलो. दहा वर्षांनी मुलगा मच्छिंद्र. त्याचं लग्न ठरलं होतं. "माय, डोक्यात कायतरी तुटलं," एवढंच बोलला. औरंगाबादच्या डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं, मेंदूतली नस फुग्यासारखी फुगून फुटली. बापाचंही तेच असावं. हे रक्तातून येऊ शकतं. मुलगी कौसल्या हिच्या डोक्याचा फोटो काढा, फुटायच्या आधी सापडलं तर इलाज आहे.

दीर सर्जेराव यांचं म्हणणं वेगळं. बद्रीनाथ पंचकात गेले. पंचकातलं मरण घरातली आणखी माणसं नेतं, म्हणून चितेवर पिठाचे पाच पुतळे ठेवतात. तेव्हा घाईत ते राहिले. ते पुतळे मग मच्छिंद्रसोबत जाळले. "आता सुटलं, वैनी. फोटो कशाला? चांगल्या पोरीला रोग लावता का?" कौसल्याच्या सासरीही हेच पटलं.

तरी राजूर शिवारातली माझी दोन एकर जमीन व राहतं घर मुलगी कौसल्या हिलाच द्यावं, सासरच्यांना नाही. त्यातून आधी डोक्याचा फोटो काढावा, मग बाकीचं. मी जिवंतपणीच शेळ्या विकून तिला घेऊन निघाले होते. बस लागलेली असताना ती स्टँडवरून माघारी फिरली. "माय, फोटोत निघालं तर मी रोज मरू का?" तिचंही डोकं दुखतं. कपाळाला रुमाल आवळून ती भाकरी थापते.

ज्या परातीत पुतळ्यांचं पीठ मळलं, ती सर्जेरावांना द्यावी. मी तिच्यात पुन्हा पीठ मळलं नाही. मच्छिंद्रची लग्नाची सफारी पेटीत आहे. ती कोणाला तरी मीच द्यायला हवी होती, हात झाला नाही.

माझ्या मरणाला पंचक असलं तरी चितेवर पुतळे ठेवू नयेत.

वकील काकासाहेब म्हणाले, "मावशी, मुलगी तुमच्या आधी गेली तर कोणाला द्यायचं, तेवढी एक ओळ टाका." मी त्या रक्ताची नाही. या घरात मागे राहायचं माझ्याच वाट्याला आलेलं आहे. काकासाहेबांनी ती ओळ पुन्हा मागितली.

ती मी लिहिणार नाही.

साक्षीदार: काकासाहेब, वकील, भोकरदन
प्रभावती, शेजारीण, राजूर

सही: दुर्गाबाई
राजूर, ११ एप्रिल २००४