मापाचा सदरा

दारव्हा, ता. ४ सप्टेंबर १९५८

ती. पंचफुलाताईस,
धाकट्या भीमराजचा सविनय जय भीम, वि. वि.

शिलाईचं दुकान उघडून महिना झाला. आई रोज उंबरा झाडते, मी रोज मशीनला तेल घालतो आणि गिऱ्हाइकं रोज समोरून पुढे जातात. दोघातिघांनी काम दिलं, पण अंगाला टेप लावू देत नाहीत. गड्याच्या हाती जुना सदरा पाठवतात, याच मापानं शिव म्हणतात. माझा हात लागू नये म्हणून, दुसरं काय! फार वाईट वाटतं, ताई. दसऱ्यापर्यंत बघतो, नाहीतर नागपूरच्या गिरणीत जातो. हे ऐकल्यापासून आई धड जेवत नाही. तूच काही सुचव.

तुझा,
भीमराज

यवतमाळ, ता. ११ सप्टेंबर

चि. भीमराजास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी रागावले, मग हसले. अरे, नवरदेवासारखा दुकानात बसून राहिलास तर कोण येईल? मी या दवाखान्यात नर्स म्हणून आले तेव्हा बाया मला हात धरू देत नव्हत्या. घरोघरी जाऊन लेकराबाळांची चौकशी केली, तेव्हा कुठे बोलू लागल्या. आता कापूस वेचणी तोंडावर आली आहे. बाया कमरेला ओटी बांधून वेचतात, ती दरवर्षी फाटते. दुहेरी शिवणीची एक शिवून तांड्यावरच्या लालीबाईला दे. कशी टिकते ते विचारायला पुन्हा जा. आणि आईला जेवायला घाल, नाहीतर येऊन कान धरीन.

तुझी,
ताई

दारव्हा, ता. २६ ऑक्टोबर

ती. ताईस सविनय जय भीम.

लालीबाईनं ओटी ओढूनताणून पाहिली आणि दुसऱ्या दिवशी अकरा बाया घेऊन आली! त्या पुंडलिकरावांच्या शेतात वेचतात. तिथे माझं कौतुक ऐकून मालकीणबाई विमलताईंनी मालकांच्या दसऱ्याच्या सदऱ्याचं कापड पाठवलं, सोबत मापाला जुना सदरा. मी जीव ओतून शिवला.

दसऱ्याला सोनं देऊन गळाभेट घेताना तो पाठीत टर्रकन उसवला! आपल्या दीक्षेला दोन वर्षं झाली म्हणून आम्ही वंदनेला जमलो होतो, तिथेच हे कळलं. आता नागपूरच, असं धरून चाललो.

बाजाराच्या दिवशी पुंडलिकराव स्वतः दुकानात आले. बाहेर गर्दी जमली. विमलताईंनी त्यांना सगळं सांगितलं होतं. नव्या शिंप्याकडे विटका सदरा कसा पाठवायचा, म्हणून त्यांनी पेटीतला चांगला काढून दिला होता, तो निघाला त्यांच्या लग्नातला! पुंडलिकराव स्वतःच्या पोटावर थाप मारून म्हणाले, की चुकी तुही नाही बाप्पा, पेटीतल्या सदऱ्याची हाये, आता माह्याच आंगाचं माप घे. आणि हात पसरून उभे राहिले.

छाती बेचाळीस, मी हळूच पुटपुटलो. ते म्हणाले, जोरानं सांग, लोकायले आयकू दे. मी ओरडून सांगितलं, बाजार खो खो हसला, सगळ्यांत मोठ्यानं तेच हसले. ताई, माझ्या उभ्या जन्मात त्या खांद्याला आपल्यापैकी कुणाचा हात पहिल्यांदा लागला. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

दिवाळीला नक्की ये. पण मोटारस्टँडवर घ्यायला येणं जमणार नाही. नऊ जण माप देऊन गेलेत, तू आपली चालत ये. माया आहेच, शिवणीत सोडायची असो की मनातली, तीत काटकसर करू नये.

तुझा,
भीमराज शिंपी