पद्मजाची पन्नाशी आणि अस्सल व्हॅनिला

२ एप्रिल
ठरलं. ८ जूनला बायकोची पन्नाशी. केक मी करणार. इतकी वर्षं पद्मजा अख्ख्या शंकर नगरचे केक करून राहिली, स्वतःच्या वाढदिवसाचाही तिलाच करावा लागतो. यंदा ओव्हनला हात लावायचा नाही, बजावलं. एवढी खूश झाली की मलाच लाजल्यासारखं झालं.

३ एप्रिल
तिचा व्हॅनिला इसेन्स हुंगला. सदर बाजारातली तीच ती टिचभर बाटली. छ्या! वास म्हणजे शाळेतलं खोडरबर. आणि लोक वा वा करून खातात. अडाणी सगळे. मी अस्सल शेंगा मागवल्या.

९ एप्रिल
शेंगा आल्या. शिशिर म्हणाला, पापा, ये तो सूखी बरबटी है. वाळकी चवळी म्हणे! या हिंदी मुलखात वाढलेला आमचा पोट्टा मराठी समजतो, अक्कल मात्र कोणत्याच भाषेत नाही.
अर्क काढायला अर्ध्या शेंगा चिरून व्होडकात घातल्या. व्हिडिओवाला सांगतो, झाकण घट्ट लावा, अंधारात ठेवा. त्याच्या घरी कधी लोणचं घातलं नसावं. मी तोंडाला फडकं बांधून बाटली गच्चीवर ठेवली. मुरायला ऊन लागतं.

४ मे
४५ डिग्री. बाटली अर्धी झाली. पद्मजा म्हणाली, अहो, उडून राहिलं ना ते. उडत नाही, आटतंय! अर्क म्हटला की आटणारच. पण सांगायचं कोणाला?

१९ मे
फ्रीजमधल्या उरलेल्या शेंगांवर पांढरी लव. वाचलंच होतं, उत्तम शेंगेवर पांढरे स्फटिक धरतात. धरले! तिकडे नागपूरला साडूंना फोटो पाठवला. गुलाबरावांचं उत्तर: बुरशी हाय ते, भाऊ. जळतो मेला.

१ जून
बाटलीच्या तळाला काळा चिकटा. वास सूक्ष्म आहे. शिशिरला आला नाही. मलाही नाही, पण मला सर्दी असावी.

७ जून, दुपार
पद्मजा हळूच म्हणाली, माझी बाटली वरच्या फळीवर आहे, लागली तर घ्या. अपमान! तिच्यासमोर सिंकमध्ये ओतली.

७ जून, संध्याकाळ
चिकटा आणि स्फटिकवाल्या शेंगा घालून केक केला. वास ओल्या गोणपाटाचा. ओव्हन बिघडलंय. केक गल्लीतल्या गाईपुढे ठेवला. हुंगून मान फिरवली. गाईलाही टेस्ट नाही.

८ जून
सकाळी उठलो तर स्वयंपाकघरात पद्मजा. अंगावर पन्नाशीची नवी साडी, पदर खोचलेला, कोपरापर्यंत मैदा. इसेन्स नव्हता म्हणून वेलची कुटत होती. काही लागलं तर सांग म्हटलं. म्हणाली, बाजूला व्हा.

संध्याकाळी सगळे जमले. केक बोटं चाटून संपवला. गुलाबरावांनी तर दोनदा घेतला, माझ्या पाठीत थाप मारली. म्हणाले, मानलं भाऊ, अस्सल व्हॅनिला म्हणजे हा होय! पद्मजानं माझ्याकडे पाहिलं.

खरं सांगणारच होतो. पण तोंडात केक होता.